गाणे चालते, गाणारा का चालत नाही?

गाणे हलाल की हराम, हा वाद आपल्या समाजात फार जुना आहे. तो या लेखाचा विषय नाही. ज्यांना गाणेच नको आहे, त्यांच्याशी आमचे या लेखापुरते भांडण नाही. ते निदान सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. आमचे भांडण आहे ते दुसऱ्यांशी. ज्यांना गाणे हवे, कव्वाली हवी, गझल हवी, लग्नाच्या वरातीत डीजे हवा, पण गाणारा मात्र आपल्या पसंतीच्या साच्यातला हवा, त्यांच्याशी. गाण्यावर डोलायचे, आणि गाणाऱ्याने आपण कोण आहोत हे सांगितले की कानांवर हात ठेवायचे, या दुटप्पीपणाविरुद्ध आम्ही लिहीत आहोत.

वरूडसारख्या गावात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. वरूड म्हणजे संत्र्याचे गाव. विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून त्याचा तोरा. आंबिया बहार, मृग बहार, कॅरेट, ट्रक आणि भाव यांच्या हिशेबात इथले वर्ष सरते. पण मंडईत संत्र्याची छाटणी करणाऱ्या पोरांच्या कानांत काय वाजते, हे कोणी पाहिले आहे काय? त्यांच्या कानांत आज रॅप वाजतो. कुर्ल्याचा नेझी वाजतो, मुंबईचा डिव्हाइन वाजतो, अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे '१०० आरबीएच', वाजतो. आणि त्याच मोबाइलमध्ये सातासमुद्रापलीकडचा लिल नास एक्सही वाजतो. जे गाणे पोरांच्या कानांत पोचले, ते गावात पोचले. त्याविषयी बोलायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

हा लिल नास एक्स कोण, ते थोडक्यात सांगणे भाग आहे. खरे नाव मॉन्टेरो लमार हिल. जन्म ९ एप्रिल १९९९, अमेरिकेतल्या अटलांटा शहराजवळचा. काळा, सामान्य घरातला, पुढे कॉलेज सोडलेला मुलगा. नेदरलँड्समधल्या एका तरुणाने बनवलेला बीट त्याने ३० डॉलरला विकत घेतला, त्यावर स्वतःचे शब्द बसवले आणि डिसेंबर २०१८ मध्ये 'ओल्ड टाउन रोड' हे गाणे लोकांपुढे टाकले. मागे ना बाप संगीत कंपनीचा मालक, ना कोणी उस्ताद. गाणे पोराटोरांनी उचलले आणि ते गोऱ्यांच्या 'कंट्री' संगीताच्या यादीत शिरले. तेव्हा मार्च २०१९ मध्ये 'बिलबोर्ड'ने ते त्या यादीतून काढून टाकले. कारण काय, तर त्यात 'कंट्री'चे गुण पुरेसे नाहीत! काळ्या पोराने टोपी घातली, घोड्याचे गाणे म्हटले, तरी तो 'आपल्यातला' नाही. हा न्याय आपल्याला ओळखीचा वाटत नाही काय? मराठीत जन्मलो, मराठीत लिहिले, तरी 'तुम्ही मराठी कसे?' हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर ऐकला, त्यांना तरी तो ओळखीचा वाटायला हवा.

तेच गाणे पुढे बिली रे सायरस या जुन्या गोऱ्या गायकाला सोबत घेऊन पुन्हा आले आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तोवर असा विक्रम कोणी केला नव्हता. जानेवारी २०२० मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाले. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख वेगळी आहे. ३० जून २०१९. गाणे अजून पहिल्या क्रमांकावरच होते आणि त्या दिवशी या वीस वर्षांच्या मुलाने आपण समलिंगी आहोत हे जगाला सूचित केले. माणसे सहसा उतरणीला लागल्यावर सत्य बोलतात. तेव्हा गमावण्यासारखे काही उरलेले नसते. हा शिखरावर असताना बोलला. तेही रॅपच्या दुनियेत, जिथे समलिंगी माणसाला हिणवणारा शब्द तोंडी लावण्यासारखा वापरला जातो. त्याच्याआधी २०१२ मध्ये फ्रँक ओशन या गायकाने आपले पहिले प्रेम एका पुरुषावर होते असे लिहिले, तेव्हाही त्या दुनियेत मोठी खळबळ झाली होती.

२०२१ मध्ये त्याने 'मॉन्टेरो' हे गाणे काढले, तेव्हा स्वतःच्या चौदा वर्षांच्या रूपाला उद्देशून एक छोटे पत्र प्रसिद्ध केले. हे गुपित आपल्यासोबत मरेल असे आपण ठरवले होते, पण ते उघड केल्याने आपल्यासारख्या इतरांना नुसते जगता येईल, असा त्याचा आशय. त्या गाण्याच्या चित्रफितीत तो नरकात उतरतो आणि सैतानासमोर नाचतो. अमेरिकेतले पाद्री संतापले. तो प्रकार आम्हालाही बटबटीत वाटला आणि तसे सांगण्यात संकोच नाही. पण ज्या मुलाला लहानपणापासून 'तू जहन्नमात जाशील' असे ऐकवले गेले, त्याने एक दिवस उलटून 'बघा, जाऊन आलो' असे म्हटले, तर दोष फक्त त्याच्या उद्धटपणाचा काय? त्याला तो पत्ता कोणी दिला होता?

आता आपल्याकडे वळू. 'रॅप हे पाश्चात्त्यांचे थेर आहे,' असे म्हणणाऱ्यांना रॅपचा इतिहास ठाऊक नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास ही कला जन्मली ती गरीब काळ्यांच्या वस्तीत. तिच्या घडणीत इस्लामचा वाटा मोठा आहे. माल्कम एक्स यांच्या भाषणांचे तुकडे रॅपमध्ये वाजत आले. 'मॉस डेफ' म्हणून गाजलेला यासीन बे, 'ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'चा क्यू-टिप, हे इस्लाम मानणारे कलावंत. आणि आपल्या मातीत तर ही गोष्ट त्याहून जुनी आहे. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब म्हणजे दुसरे काय होते? त्या परंपरेच्या उगमाशी तुकनगीर या गोसाव्याबरोबर शाह अली या फकिराचे नाव सांगितले जाते. पेशवाईतल्या लावणीकारांत सगनभाऊ मुसलमान. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारणारे अमर शेख मुसलमान. आजचा गल्लीतला रॅपर हा त्यांचाच नातू आहे. २०२३ मध्ये राज मुंगासे या तरुण रॅपरवर सत्ताधाऱ्यांवरच्या एका गाण्यासाठी गुन्हा दाखल झाला, तेव्हा आपल्यातले पुष्कळ जण 'शाहिराचा आवाज दाबू नका' म्हणून बोलले. योग्यच बोलले. पण शाहिराने सरकारविषयी खरे बोललेले चालते आणि स्वतःविषयी खरे बोललेले चालत नाही, हा कोणता न्याय?

आणि नाचणाऱ्या पुरुषाचे म्हणाल, तर विदर्भातली खडी गंमत आणि दंडार बाईचे सोंग घेणाऱ्या पुरुषांशिवाय उभीच राहत नव्हती. तमाशात नाच्या लागे. नाच्यावर फड हसे, शिट्ट्या मारी आणि सकाळी त्याच माणसाला पाणवठ्यावर हिणवी. गणपत पाटील यांनी पडद्यावर नाच्या इतका हुबेहूब उभा केला की, संसारी माणूस असूनही लोकांनी त्यांना ती कुचेष्टा आयुष्यभर सोसायला लावली. म्हणजे प्रश्न 'हे आपल्यात नव्हते' असा नाहीच. ते होते. ते हसण्यासाठी होते, हिणवण्यासाठी होते, रात्रीच्या अंधारात तर होतेच होते. नव्हता तो फक्त सन्मान. लिल नास एक्सचे नवेपण एवढेच की, त्याने हसू नाकारले आणि सन्मान मागितला.

'पण मुसलमानांत हे नाही,' असा पुढचा युक्तिवाद येतो. असे म्हणणाऱ्यांनी आपलीच तहजीब वाचलेली नाही. सिराज औरंगाबादी हे अठराव्या शतकातले आपल्या मराठवाड्याच्या मातीतले सूफी शायर. त्यांची एक गझल आबिदा परवीन यांच्यापर्यंत कितीतरी गायकांनी गायली आणि आपण तिच्यावर माना डोलावल्या. त्याच सिराज यांची 'बोस्तान-ए-खयाल' ही मसनवी एका तरुणावरच्या त्यांच्या स्वतःच्या प्रेमाची आणि विरहाची कहाणी सांगते. गझलेतला माशूक पुल्लिंगी असणे हा केवळ काव्यसंकेत आहे, असे म्हणता येते. पुष्कळ ठिकाणी तो संकेतच असतो. पण सिराज यांच्या मसनवीत ती पळवाट नाही. लाहोरला सोळाव्या शतकातल्या शाह हुसैन यांची मजार आहे. त्यांच्या शेजारी त्यांचा प्रिय माधोलाल चिरनिद्रा घेतो आणि लोक त्या सूफीला 'माधोलाल हुसैन' अशा जोडनावानेच ओळखतात. त्यांच्या उरुसाला दिव्यांची जत्रा भरते. सलीम किदवई आणि रूथ वनिता यांनी २००० साली अशा शेकडो वर्षांच्या लेखनाचा ग्रंथच सिद्ध केला. ज्या वारशाला आपण आपले वैभव म्हणतो, त्याची अर्धी पाने फाडून उरलेल्या पानांवर अभिमान बाळगता येत नाही.

वरूडकरांना आम्ही एक घरचा दाखला देऊ. ज्या संत्र्यावर वरूड जगते, ते संत्रेही भोसल्यांच्या काळात औरंगाबादेहून नागपुराकडे आणले गेले असे सांगतात. आजही त्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. खुंट एकाचा, फळ दुसऱ्याचे. तरी वरूडचे संत्रे वरूडचेच. 'बाहेरून आलेले' आणि 'आपले' यांतली भिंत एवढी पक्की असती, तर या तालुक्यात एकही बगीचा उभा राहिला नसता.

मग राहतो तो धर्माचा प्रश्न. तो टाळून आम्हाला पुढे जायचे नाही. कौम-ए-लूतची हकीकत कुरआनात अनेक ठिकाणी येते आणि बहुसंख्य उलेमा तिच्या आधारे समलिंगी संबंध गुनाह मानतात. हे आम्ही लपवत नाही. पण त्याच हकीकतीत पाहुण्यांवर चालून आलेला जमाव आहे, लूत यांची 'माझ्या पाहुण्यांची बेअब्रू करू नका' अशी विनवणी आहे आणि सूरह अन्कबूतमध्ये त्याच लोकांच्या वाटमारीचा उल्लेख आहे. स्कॉट सिराजुल-हक कुगल यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की, इथे निषेध आहे तो जबरदस्तीचा आणि अत्याचाराचा. हा अर्थ मान्य करा अथवा करू नका. पण एवढे तरी लक्षात घ्या. वऱ्हाडातले आपण बहुतेक सारे हनफी आणि खुद्द इमाम अबू हनीफा यांनी या कृत्याला ठरावीक 'हद' लावली नाही. ते काझीच्या विवेकावर सोडले. बाराशे वर्षांपूर्वीच्या इमामाने जो संयम पाळला, तो आजच्या चौकातल्या पोरांना का पाळता येऊ नये?

आणि गुनाह मोजायलाच बसलो, तर सगळेच मोजू. सूरह हुजुरात एकमेकांची टवाळी करू नका, वाईट टोपणनावे ठेवू नका, हेरगिरी करू नका, पाठीमागे निंदा करू नका, असे स्पष्ट बजावते. सूरह नूर परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू देत नाही आणि चार साक्षीदारांशिवाय चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगते. 'छक्का', 'मीठा' म्हणून एखाद्या पोराला शाळेपासून हिणवणारा, त्याचा मोबाइल चोरून तपासणारा, मोहल्ल्यात त्याची चर्चा पेरणारा, हा कोणत्या शरीयतीचा रखवालदार? एकाच्या कथित गुन्ह्यावर दहा जणांनी दहा उघड गुनाह करायचे आणि वर इज्जतीच्या गोष्टी सांगायच्या, याला दीनदारी म्हणत नाहीत.

हे केवळ तत्त्वज्ञान नाही. याची किंमत एका मराठी कवीने आपल्या जिवाने मोजली आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरास हे मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते दोन दशके मराठी शिकवत होते आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. 'पाया खालची हिरवळ' या त्यांच्या कवितासंग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. मुस्लिम विद्यापीठात मराठीची पणती तेवत ठेवणारा हा माणूस. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि एका रिक्षाचालकासोबतचे त्यांचे खासगी क्षण टिपले. लगेच दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने निलंबित केले ते कोणाला? घुसखोरांचा शोध घेण्याऐवजी सिरास यांना. त्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा निकाल अस्तित्वात होता. त्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले होते. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरास आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. त्या मृत्यूचे कोडे सुटले नाही.

सूरह नूर आणि सूरह हुजुरात यांतली जी बंधने आम्ही वर सांगितली, ती त्या रात्री एकेक करून मोडली गेली. तीही मुसलमानांच्या शिक्षणाचे स्वप्न पाहणाऱ्या सर सय्यद यांच्या विद्यापीठाच्या आवारात. हिंदी सिनेमाने त्यांच्यावर 'अलीगढ' काढला, तो २०१६ मध्ये लोकांनी पाहिला. पण आम्ही मराठी मुसलमान? मराठी भाषा आणि मुस्लिम संस्था ही दोन्ही नावे ज्याच्या आयुष्यात एकत्र आली, तो माणूस आपल्या चर्चासत्रांत, संमेलनांत, विशेषांकांत किती वेळा आठवला गेला? वाचकाने स्वतःच आठवून पाहावे. आणि त्या रिक्षाचालकाचे पुढे काय झाले, हे विचारणारे तर त्याहून थोडे. प्राध्यापकासाठी वकील उभे राहिले, वर्तमानपत्रे उभी राहिली. गरिबाच्या वाट्याला बदनामीही बिनवकिलाची येते. मंडईतल्या, गॅरेजमधल्या, भंगारच्या दुकानातल्या आपल्या पोरांचे नशीब त्या प्राध्यापकाच्या नशिबापेक्षा या रिक्षावाल्याच्या नशिबाशी अधिक जुळते, हे विसरू नये.

कायद्याची कहाणीही आपण नीट वाचलेली नाही. कलम ३७७ हे कुठल्या शरीयतीतून आले नव्हते. ते १८६० मध्ये इंग्रजांनी आणले. २००९ चा दिल्लीचा निकाल आला, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत काही चर्च संघटना होत्या, ज्योतिषी होते आणि आपले मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आपल्यातल्या अनेकांनी आनंद मानला. पण त्या निकालात एक मुद्दा होता. हे लोक लोकसंख्येचा अगदी अत्यल्प भाग आहेत, असा. जे संख्येने थोडे, त्यांच्या हक्कांची फिकीर कशाला! हे वाक्य वाचून या देशात सर्वांत आधी कोणाच्या अंगावर काटा यायला हवा होता? अल्पसंख्याकांच्याच. जो तर्क आज शेजाऱ्याविरुद्ध आपण उचलून धरतो, तो उद्या आपल्याच दारावर येऊन थडकतो. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने हा अन्याय दूर केला. बहुमताची नैतिकता वेगळी आणि संविधानाची नैतिकता वेगळी, हे त्या निकालाचे सूत्र. आपण जगतो ते याच सूत्राच्या आधारावर.

'सध्या ही वेळ नाही,' असे आमचे काही पुरोगामी मित्र म्हणतात. दंगली आहेत, बुलडोझर आहेत, बेकारी आहे, सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलेली दैन्यावस्था आहे. अशात हा विषय काढून विरोधकांच्या हाती कोलीत का द्यायचे? हा युक्तिवादही आमच्या परिचयाचा आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला, तेव्हाही त्यांना हेच ऐकवले गेले. ती वेळ नव्हती. १९८५ मध्ये शाहबानोच्या वेळीही ती वेळ नव्हती. शेवटी २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तिहेरी तलाक न्यायालयाने रद्द केला आणि सुधारणेचे श्रेय भलतेच घेऊन गेले. वेळ आपण ठरवली नाही, तर ती दुसरे ठरवतात. आणि समलिंगींच्या नावाने मुसलमानांना झोडपणाऱ्यांविषयी म्हणाल, तर त्यांचे ढोंग उघडे पाडण्याची ताकद त्यालाच येते, ज्याचे स्वतःचे घर झाडलेले असते.

या सगळ्यात सर्वांत मोठा अन्याय ज्यांच्यावर होतो, त्यांचे नावही कोणी घेत नाही. 'पोट्ट्याचे लग्न करून द्या, सुधारते बाप्पा,' हा आपल्याकडचा रामबाण इलाज. म्हणजे काय? अठरा-वीस वर्षांची एक गरीब मुलगी आणायची, तिला काही सांगायचे नाही आणि तिच्या आयुष्यावर प्रयोग करायचा. मूल झाले नाही तर वांझपणाचा डाग तिच्या कपाळी. ती माहेरी परतली तर बोलणी तिलाच. तिने खुला मागितला तर मेहरही सोडायला लावायची. निकाह हा आपल्याकडे करार आहे आणि करारात फसवणूक करू नये, हे साध्या व्यापाऱ्यालाही कळते. बगीचा घेताना झाडाला डिंक्या आहे काय, कोळशी आहे काय, हे खोड धरून पाहणारे लोक लेकीचा रिश्ता मात्र डोळे झाकून करतात आणि मुलाकडचे ते डोळे मुद्दाम झाकतात. मुलाचे सत्य दडपणे म्हणजे एका मुलीला जिवंत गाडणे आहे. जाहिलियतच्या काळातली ती चाल इस्लामने मोडली होती, ती आपण मंडप घालून पुन्हा सुरू करायची काय?

दुसरा इलाज बाबा-बुवांचा, झाडफुंकीचा, नाहीतर औषधांचा. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा 'उपचारां'ना डॉक्टरी पेशातले गैरवर्तन ठरवले. जो आजारच नाही, त्यावर तावीज बांधून आणि इंजेक्शने टोचून पोराचा जीव टांगणीला लावायचा आणि त्याने काही बरेवाईट करून घेतले की 'परीक्षेचे टेन्शन होते' म्हणून दफन उरकायचे, हे थांबले पाहिजे.

आम्ही काय मागतो आहोत, ते स्पष्ट सांगतो, म्हणजे कोणी विपर्यास करणार नाही. मशिदीत समलिंगी निकाह लावा, असे आम्ही म्हणत नाही. विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयानेही १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दिलेला नाही, तो वाद कायदेमंडळात चालेल. कोणी आपली श्रद्धा सोडावी, असेही आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे फार साधे आहे. अशा मुलाला घराबाहेर काढू नका. त्याला मारू नका. त्याचे जबरीने लग्न लावू नका. त्याच्या मोबाइलच्या धाकावर कोणी पैसे उकळत असेल, तर त्याच्या अब्बांनी त्याच्या बाजूने पोलीस ठाण्यात उभे राहावे. त्याच्या जनाज्याला खांदा देणारे चार जण असावेत. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेत इमाम मुहसिन हेंड्रिक्स यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. आपण समलिंगी आहोत हे सांगून, नमाज न सोडता, अशाच लोकांसाठी मशीद चालवणारा हा इमाम होता. त्यांच्या मताशी भांडता येईल. पण गोळी हे मत नसते. या खुनाविषयी ज्यांना 'बरे झाले' असे वाटले, त्यांनी अखलाकच्या खुनानंतर अश्रू ढाळण्याचा हक्क गमावला, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

शेवटचे सांगणे साहित्यिकांना. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते एका दाव्यावर. आमचे जगणे मराठी साहित्यात आलेले नाही, ते आम्हीच लिहू, हा तो दावा. प्रस्थापितांनी आम्हाला एकतर खलनायक केले, नाहीतर अत्तरविक्या चाचा केले, ही आपली तक्रार होती आणि ती खरी होती. मग आपल्या कथा-कादंबऱ्यांत अशा मुलाला आपण काय केले? एकतर तो येतच नाही, नाहीतर विनोदापुरता येतो. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू करून मराठीत या विषयावर सातत्याने लिहिले. लक्ष्मीनारायण त्रिपाठींचे आत्मकथन मराठीत आले. दिशा पिंकी शेख यांची कविता मराठीत आली. दार मराठीने उघडले आहे. त्या दारातून आपल्या मोहल्ल्यातला मुलगा आत येतो की नाही, हे आपल्या अंकांच्या संपादकांवर अवलंबून आहे. त्याला स्वतःच्या नावाने लिहिणे जमत नसेल, तर टोपणनावाने लिहू द्या. गझल जमत नसेल, तर रॅप लिहू द्या. वऱ्हाडीत लिहील, दखनीत लिहील, शिव्या घालीत लिहील. ओबडधोबड असेल, वृत्त सुटेल, शुद्धलेखन चुकेल. दलित कवितेने मराठीचे सोवळे मोडले, तेव्हा तिलाही अशीच नाके मुरडली गेली होती.

लिल नास एक्सला आमच्या पाठिंब्याची गरज नाही. त्याच्यामागे त्याची कीर्ती आहे, पैसा आहे, वकील आहेत. गरज आहे ती त्या मुलाला, ज्याच्यापाशी फक्त एक मोबाइल आणि वहीतली चार पाने आहेत. उद्या तो अमरावतीच्या, अकोल्याच्या नाहीतर वरूडच्या एखाद्या मंचावर चढेल, आपले नाव सांगेल, आपल्या बापाचे नाव सांगेल आणि मग आपल्याविषयीची खरी गोष्ट सांगेल. त्या क्षणी समोर बसलेल्यांत त्याची माणसे किती असतील, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरणार आहे. त्याचे गाणे आवडले नाही, तर खुशाल टाळ्या वाजवू नका. पण दगड उचलू नका आणि उचलणाऱ्याचा हात धरा. जमात म्हणून जगण्याचा हक्क आपण साऱ्या देशाकडे मागतो. माणूस म्हणून जगण्याचा हक्क हा मुलगा आपल्याकडे मागतो आहे.